मधुमेह, हृद्रोग आणि कारणसामग्रीचा विचार

(मठाच्या वर्धापनमहोत्सवातील व्याख्यानमालेत पाठशाळेच्या एका शिष्याने दिलेले व्याख्यान)



श्रीस्वामीजींच्या चरणी साष्टांग प्रणिपात करून मी आजच्या विषयास आरंभ करतो. या व्याख्यानमालेत वेदान्त, मठाची परंपरा, संतवाङ्मय अशा विषयांवर अधिकारी विद्वानांची भाषणे आपण ऐकली. त्यांच्यामागून, पाठशाळेत व्याकरण आणि न्याय शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने मधुमेह व हृद्रोग यांविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. मी वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. परंतु या रोगांकडे पाहण्याची एक नवी दृष्टी आधुनिक जीवशास्त्रात गेल्या काही दशकांत उदयास आली आहे. तिला 'सिस्टिम्स बायॉलॉजी' म्हणतात. आपण तिला 'प्रणालीजीवशास्त्र' म्हणू. 'कारण म्हणजे काय?' हा त्या दृष्टीचा मूळ प्रश्न आहे, आणि तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न परका नाही. तेवढ्याच अधिकारावर मी आज आपणापुढे उभा आहे.

विषय केवळ बौद्धिक असता तर मी तो या पवित्र प्रसंगी काढला नसता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने २००८ ते २०२० या काळात देशभर एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. तीवरून काढलेला अंदाज असा की, २०२१ साली भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह होता, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी सुमारे १३ कोटी ६० लक्ष होते. या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते आपल्या गोव्यात. १०० प्रौढांमागे २६ हून अधिक. आज या सभामंडपात जे बसले आहेत, त्यांत असे घर क्वचितच असेल, की जेथे साखरेची गोळी वा रक्तदाबाची गोळी देवघराच्या शेजारच्या फळीवर नाही.

आमच्या पाठशाळेतील एक ज्येष्ठ गुरुजी काही वर्षांपूर्वी वयाच्या ५२ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. शरीर कृश, आहार सात्त्विक, व्यसन सुपारीचेही नव्हते. त्यानंतरच्या तेरा दिवसांत भेटीस येणाऱ्या मंडळींच्या तोंडून मी नाना तऱ्हेची कारणे ऐकली. कोणी म्हणाले, प्रारब्ध. कोणी म्हणाले, तूप फार खात. कोणी म्हणाले, पहाटेचे जागरण बाधले. कोणी म्हणाले, त्यांच्या वडिलांचेही असेच झाले होते, रक्तातच आहे ते. ही उत्तरे परस्परांहून भिन्न दिसतात. पण त्यांची जात एकच आहे. प्रत्येक जण कार्य एक म्हणून कारणही एकच शोधीत होता. आणि एक कारण सापडले, असे वाटताक्षणी विचार थांबत होता.

आता न्यायशास्त्र काय सांगते पहा. घट निर्माण होतो तो केवळ मृत्तिकेने नव्हे. कुलाल हवा, दंड हवा, चक्र हवे, पाणी हवे, आणि ही सर्व एकत्र येऊन एका विशिष्ट क्रमाने कार्यास लागावयास हवीत. या समुच्चयाला शास्त्रकार 'सामग्री' म्हणतात. त्यातील एकेक वस्तू सुटी ठेवली तर ती कारण म्हणून ओळखली जाईल खरी, परंतु घट होणार नाही. सामग्री पूर्ण झाली, की मात्र कार्य टळत नाही. प्रणालीजीवशास्त्राचे म्हणणे, माझ्या भाषेत सांगावयाचे तर, हेच आहे की मधुमेह आणि हृद्रोग यांस एक कारण नाही; त्यांस सामग्री आहे. त्या सामग्रीतील घटकांची यादी करून भागत नाही. ते परस्परांशी कसे गुंतले आहेत, हे पाहावे लागते.

व्याकरणाचा एक दृष्टान्त देतो. पाणिनींच्या अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रे आहेत आणि धातुपाठात सुमारे २००० धातू. एखाद्याने सर्व धातू मुखोद्गत केले म्हणून त्याला संस्कृत भाषा आली, असे होत नाही. एखादे सूत्र ग्रंथातून उचलून सुटे वाचावे, तर बहुधा त्याचा अर्थही लागत नाही; मागील सूत्रातील पदाची अनुवृत्ती त्यात येते, वरील अधिकार त्यावर चालतो, आणि दोन सूत्रांचा विरोध आला तर कोणते प्रबळ ते सांगणारे तिसरेच सूत्र असते. मनुष्याच्या जनुकांचा पाठ वाचण्याचा जो महान प्रकल्प २००३ साली पुरा झाला, त्याची गतही अशीच झाली. प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २०,००० आहेत, हे पुढे निश्चित होत गेले. धातुपाठ हाती आला. परंतु वाक्य कसे होते, ते कळावयाचे राहिले होते. ते वाक्य लावण्याचा उद्योग म्हणजे प्रणालीजीवशास्त्र होय.

या उद्योगाचे नाव नवे असले तरी बीज जुने आहे. १९६० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेनिस नोबल नावाच्या तरुण संशोधकाने एक प्रश्न हाती घेतला. हृदय आपोआप ठोके देते. मग ताल धरणारा कोण? हृदयाच्या पेशीच्या आवरणात सूक्ष्म द्वारे आहेत. त्यांतून सोडियम, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे विद्युद्भारित कण आत-बाहेर जातात. कण हलले की पेशीचा विद्युद्दाब बदलतो. दाब बदलला की द्वारे उघडतात वा मिटतात. द्वारे हलली की पुन्हा कणांचा प्रवाह बदलतो. हॉजकिन व हक्सली या दोघांनी १९५२ साली मज्जातंतूसाठी मांडलेली समीकरणे नोबल यांनी हृदयाच्या पेशीस जुळवून घेतली आणि विद्यापीठाच्या गणकयंत्रावर सोडविली. त्या आकडेमोडीतून काय निघाले? कोणी ताल न धरता ताल निघाला. ठोका कोणत्याही एका प्रथिनात नाही; तो द्वारे आणि दाब यांच्या परस्परसंबंधात आहे. आपल्या भजनाच्या मेळ्यात मृदंग, टाळ आणि गाणारे एकमेकांस ऐकत एकमेकांस सावरतात, त्यासारखे हे आहे. फरक इतकाच, की तेथे कोणी मुख्य गवई असतो. येथे तोही नाही.

दुसरे उदाहरण रक्तदाबाचे. अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात आर्थर गायटन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी शल्यवैद्य होण्याचे ठरविले होते. परंतु १९४६ साली पोलिओने त्यांचे अवयव दुर्बल झाले आणि त्या विद्येचा मार्ग बंद झाला. शरीरव्यापाराच्या अध्ययनाकडे वळून त्यांनी जो ग्रंथ लिहिला, तो आपल्या देशातील वैद्यकीय विद्यार्थी आजही अभ्यासतात. १९७२ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रुधिराभिसरणाचा एक अद्भुत आराखडा प्रसिद्ध केला. त्यात हृदय, मूत्रपिंडे, मज्जातंतू, संप्रेरके, तहान, मीठ व पाणी या सर्वांचे संबंध साडेतीनशेहून अधिक चौकोनांत मांडून, प्रत्येक चौकोन गणिताने दुसऱ्याशी जोडलेला होता. त्यातून निघालेला एक निष्कर्ष असा, की रक्तदाब वाढला म्हणजे हृदयाचा वा रक्तवाहिन्यांचाच दोष असे समजू नये. दीर्घकाळपर्यंत दाब कोणत्या पातळीवर राहावा, हे ठरविण्यात मूत्रपिंडांचा मीठ व पाणी बाहेर टाकण्याचा धर्म सर्वांत प्रबळ असतो. या सिद्धान्तावर आजही विद्वानांत वाद आहेत. परंतु व्याधी जेथे दिसते तेथेच तिचे मूळ असेल असे नाही, हा धडा वादातीत आहे.

आता मधुमेहाकडे वळू. मधुमेह म्हणजे साखर वाढणे, आणि साखर वाढते ती गोड खाल्ल्याने, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्ष रचना याहून फार गुंतागुंतीची आहे. जेवणानंतर रक्तातील साखर वाढते. स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. ते इन्सुलिन स्नायूंस सांगते, साखर आत घ्या. यकृतास सांगते, नवी साखर करू नका. मेदास सांगते, साठविलेली चरबी सोडू नका. येथवर एक आज्ञा आणि तीन आज्ञाधारक. परंतु मेद मर्यादेबाहेर, विशेषतः पोटात, साचला की ही आज्ञा तो नीट मानीत नाही आणि चरबीची अम्ले रक्तात सोडीत राहतो. ती अम्ले यकृतात जातात. यकृत साखरही अधिक करते आणि चरबीयुक्त कणही अधिक पाठविते. स्नायू आळसावलेले असतील तर साखर उचलण्यास तेही कुचराई करतात. मग स्वादुपिंड अधिक जोराने आज्ञा करते, म्हणजे अधिक इन्सुलिन सोडते. अनेक वर्षे हा ओरडा चालतो. तपासणीत साखर ठीक दिसते. घरचा मनुष्य निश्चिंत असतो. अखेरीस स्वादुपिंडाच्या पेशी थकतात, आणि ज्या दिवशी साखर वाढलेली आढळते, तो दिवस रोगाच्या आरंभाचा नसून त्याच्या उघडकीस येण्याचा असतो.

आणि हे सर्व हृदयापर्यंत कसे पोहोचते? यकृताने पाठविलेल्या चरबीच्या कणांमुळे रक्तातील उपकारक कोलेस्टेरॉल घटते आणि अपकारक कण लहान व दाट होऊन धमन्यांच्या भिंतींत शिरतात. वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडांस मीठ धरून ठेवण्यास लावते. म्हणजे गायटन यांच्या आराखड्यातील नेमक्या मर्मस्थानी बोट पडते आणि रक्तदाब वाढतो. पहा, स्वादुपिंड, मेद, यकृत, मूत्रपिंड, धमनी आणि हृदय, सहा स्थाने. पण धागा एकच. म्हणून मधुमेहाचा डॉक्टर निराळा, रक्तदाबाचा निराळा आणि हृदयाचा निराळा ही आपल्या सोयीची वाटणी आहे. देहाने ती केलेली नाही.

हा गुंतलेला पट प्रत्यक्ष लिहून काढण्याचे कामही विद्वानांनी केले आहे. २००७ साली बर्नहार्ड पॅल्सन यांच्या सॅन डिएगो येथील मंडळीने मानवी चयापचयाचा एक समग्र नकाशा प्रसिद्ध केला. त्यात १,४९६ जनुके, २,७६६ रासायनिक द्रव्ये आणि ३,३११ क्रिया परस्परांशी जोडून दाखविल्या होत्या. एखादी क्रिया बंद पडली तर प्रवाह कोणत्या आडवाटेने वळेल, हे अशा नकाशावर गणिताने तपासता येते. पुढे तो नकाशा अनेकदा विस्तारला गेला.

देहाच्या या जाळ्यावर एका ठिकाणी प्रहार केला, तर जाळे स्वस्थ बसत नाही. ते उत्तर देते. याचे उत्तम उदाहरण कोलेस्टेरॉलच्या औषधाचे आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० नंतरच्या दशकात एका बुरशीपासून जे द्रव्य शोधले, त्यातून 'स्टॅटिन' औषधांचा वर्ग निघाला. हे औषध पेशीतील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. पेशीला तुटवडा भासतो आणि ती आपल्या पृष्ठभागावर अधिक 'ग्राहक' उभे करते. हे ग्राहक रक्तातील कोलेस्टेरॉल आत ओढून घेतात, आणि रक्त शुद्ध होते. या ग्राहकांच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांस १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तुटवड्याची तीच हाक पेशीत दुसरेही एक प्रथिन वाढविते. त्याचे नाव पीसीएसके-९. ते त्याच ग्राहकांचा नाश करते! एका हाताने द्वारपाल नेमावे आणि दुसऱ्याने काढून टाकावे, असा हा प्रकार. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली असता कोलेस्टेरॉल आणखी केवळ सुमारे ६ टक्केच उतरते, त्याचे एक कारण हे होय.

या पीसीएसके-९ ची कथा येथेच संपत नाही. २००३ साली फ्रान्समधील काही कुटुंबांत हे प्रथिन अतिप्रबळ आढळले. त्यांत कोलेस्टेरॉल फार वाढलेले होते. मग टेक्सासमधील हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलट दिशेने शोध घेतला: हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतः दुर्बल आहे, त्यांचे काय? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांपैकी ज्यांच्या या जनुकात असा बदल होता, त्यांचे अपकारक कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी होते. आणि हृद्रोगाचा धोका? तो ८८ टक्क्यांनी कमी. येथे फ्रान्समध्ये अन्वय आणि टेक्सासमध्ये व्यतिरेक मिळाला, म्हणून नैयायिकही संतुष्ट व्हावा. या ज्ञानावर आधारलेली औषधे २०१५ साली उपयोगात आली. मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक बोधप्रद वाटते. घट २८, लाभ ८८, असे का? कारण ती घट जन्मापासून होती. थोडे, पण अखंड. साधकास याहून अधिक सांगावयास नको.

जन्मापासून म्हटले, परंतु विचार याहूनही मागे न्यावा लागतो. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून दाया व आरोग्यसेविका यांनी नवजात अर्भकांची वजने वह्यांत नोंदवून ठेवली होती. डेव्हिड बार्कर यांच्या मंडळीने त्या वह्यांतील ५,६५४ पुरुषांचा माग काढला आणि १९८९ साली दाखवून दिले, की जन्मवेळी व वर्षाच्या वयात ज्यांचे वजन अत्यल्प होते, त्यांच्यात हृद्रोगाने मृत्यूचे प्रमाण अधिक होते. गर्भात पोषण तोटके पडले तर देह काटकसरीने आपली घडी बसवितो, आणि पुढे अन्न मुबलक झाले की तीच काटकसर त्यास भोवते, असे अनुमान त्यांनी मांडले.

हे सूत्र महाराष्ट्रात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुढे नेले, आणि ते आपणास अगदी जवळचे आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख आला. त्यात दोन लेखकांचेच छायाचित्र होते: डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन. दोघांचे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखे, निर्देशांक २२.३. म्हणजे दोघेही रूढ मापाने सडपातळ. परंतु शरीरातील मेद मोजला, तर युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! बाहेरून कृश, आतून मेदस्वी. हा देह कोठून सुरू होतो? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली त्यांनी गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास आरंभिला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे सुमारे ३.५ किलो. स्नायू व अवयव त्या मानाने लहान. पण त्वचेखालचा मेद मात्र बराचसा टिकून राहिलेला. आमचे कृश, सात्त्विक गुरुजी मला हे वाचताना सारखे आठवत होते. त्यांच्या देहात प्रत्यक्ष काय घडले, ते मी सांगू शकत नाही. परंतु 'इतके बारीक होते, त्यांना कसे झाले?' हा आपला प्रश्नच चुकीच्या मापावर उभा होता, हे मात्र मला कळले.

त्या अभ्यासातील आणखी एक गोष्ट आम्हां शाकाहारी मंडळींनी कान देऊन ऐकावी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या मातांपैकी दोन तृतीयांश मातांच्या रक्तात 'बी-१२' हे जीवनसत्त्व कमी होते; फोलेटची उणीव मात्र जवळजवळ कोणालाच नव्हती. आणि ज्या मातांत बी-१२ कमी व फोलेट अधिक, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनची आज्ञा न मानण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. आपला धर्माचार शाकाहाराचा, तो आपण टाकावा असे मी स्वप्नातही म्हणणार नाही. परंतु शाकाहार पाळावयाचा, तर त्यातील उणीव ओळखून ती दुधादह्याने वा डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाने भरून काढणे, हाही त्याच आचाराचा भाग मानला पाहिजे.

आता येथे कोणी म्हणेल, सापडले कारण! बी-१२! बंधूंनो, तसे नव्हे. असे म्हटले की आपण पुन्हा पहिल्याच पायरीवर आलो. गोव्यात मासळी घरोघर शिजते, आणि तरीही मधुमेहाचे प्रमाण आपल्याकडेच सर्वांत अधिक आढळले आहे. बी-१२ हा सामग्रीतील एक घटक आहे, सामग्री नव्हे. शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढ्याने त्यांत कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. एकास ते जीवनसत्त्व द्यावे, दुसऱ्यास न द्यावे, आणि फळ पाहावे, तेव्हाच निर्णय होतो. त्याच खेड्यांतील मुले मोठी झाल्यावर त्यांच्यावर असा प्रयोग २०१२ पासून हाती घेण्यात आला. शास्त्राची ही सावधगिरी आपणही शिकण्यासारखी आहे.

सावधगिरीची आणखी एक जागा आहे. संस्कृतज्ञांस एक मोह नेहमी पडतो: हे सर्व आमच्या ग्रंथांत आधीच होते. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना बसून राहण्याचे सुख, निद्रेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ यांची एकत्र गणना केली आहे, हे खरे. त्या निरीक्षणापुढे मी नतमस्तक आहे. परंतु चरकाचार्यांस इन्सुलिन ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होते असे म्हटल्याने त्यांची थोरवी वाढत नाही. पूर्वजांनी डोळे उघडे ठेवून पाहिले. आपण तेच करावे. आणि नव्या शास्त्राच्याही मर्यादा आहेत. गणितातील हृदय रक्त वाहवीत नाही. नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे. जाळे मोठे आहे म्हणून गोळ्या निरर्थक, असा अर्थ तर कोणीच काढू नये. जाळ्याच्या नेमक्या ग्रंथीवर बोट ठेवणारे औषध हेच आज अनेकांच्या प्राणांचे रक्षण करीत आहे.

मग आपण करावयाचे काय? कारण एक असते तर उपायही एकच असता, आणि तो हुकला की सारे हुकले. सामग्रीचे तसे नाही. तिच्यातील प्रत्येक घटक ही हात घालण्याची जागा आहे. मठाच्या या परिवारापुरत्या काही गोष्टी मी नम्रपणे मांडतो.

एक, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, मग तो सडपातळ का असेना, वर्षातून एकदा साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे, आणि कमरेचा घेरही मोजावा. दोन, आपल्या घरातील विवाहयोग्य मुली व गर्भवती सुना यांच्या ताटाकडे सर्वांआधी पाहावे. सर्वांची पंगत उठल्यावर उरलेसुरले तिने खावे, ही रीत धर्म नव्हे. तिच्या ताटात दोन पिढ्यांचे हृदय घडत असते. तीन, उपवासाविषयी. साबुदाणा, बटाटा, रताळे यांचे दिवसभर सेवन म्हणजे लंघन नव्हे. आणि जे इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी एकादशी-चातुर्मासाचे नियम धरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे, कारण साखर एकाएकी उतरून मूर्च्छा येऊ शकते. चार, 'मेटफॉर्मिन' ही मधुमेहाची अत्यंत प्रचलित गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. शाकाहारी रुग्णांनी गोळी बंद करू नये. बी-१२ तपासून घ्यावे. पाच, महाप्रसाद हा कणभर घेतला तरी प्रसादच असतो. यजमानाने पानात गोड वाढण्याचा आग्रह न करणे हेही आतिथ्यच होय. सहा, पायी चालणे. स्नायू चालते राहिले की साखर उचलण्याचे आपले कर्तव्य ते पुन्हा करू लागतात. मठाची प्रदक्षिणा रोज अकरा वेळा घातली, तर भक्ती आणि चयापचय यांत काही भांडण नाही. तंबाखूविषयी मी वेगळे बोलत नाही. या सभेत ते सांगावे लागू नये.

यातील एकही गोष्ट नवी नाही, आणि एकटी कोणतीही पुरेशी नाही. पण पीसीएसके-९ च्या कथेने आपणास दाखविले आहे, की थोडे परंतु अखंड, याचे फळ कल्पनेपेक्षा मोठे असते.

शेवटी प्रारब्धाविषयी. बीज, वंश आणि मातेच्या उदरातील पोषण ही आपण निवडलेली नसतात. त्यांस प्रारब्ध म्हणावयास माझी हरकत नाही. परंतु शास्त्रकारांनी प्रारब्धासमवेत क्रियमाणही सांगितले आहे. सामग्रीतील काही घटक आपल्या जन्माबरोबर आले. बाकीचे आज आपल्या हातून जुळत आहेत. जे आज आपण जुळवितो, ते आपल्या मुलांचे प्रारब्ध होणार आहे. हा देह साधनेचे साधन म्हणून मिळाला आहे, ही या मठाची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. त्या साधनाची रचना समजून घेणे आणि ते पुढील पिढीच्या हाती सुस्थितीत देणे, ही सेवाही श्रीगुरूंच्या चरणी रुजू होवो, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.

।। श्रीगुरुचरणार्पणमस्तु ।।